ग्रीक व लॅटिन वीणाकाव्यें

ग्रीक आणि लॅटिन या भाषांचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें होमर, प्लेटो, सीझर, व्हर्जिल अशीं भारदस्त नांवें उभीं राहतात. महाकाव्य, नाटक, तत्त्वज्ञान, वक्तृत्व, इतिहास एवढ्या वाङ्मयाची इंग्रजी ग्रंथांच्या द्वारें थोडीबहुत ओळख सर्वांस असते. परंतु त्याच भाषांत लहान लहान गीतेंही आहेत. कोणी आपल्या प्रेमाबद्दल, कोणी मद्याच्या पेल्याबद्दल, कोणी गांवांतल्या भांडणांबद्दल, कोणी पांढऱ्या होत चाललेल्या केसांबद्दल वीणेच्या साथीनें म्हटलेलीं तीं पदें आहेत; आणि त्यांकडे आपल्या वाचकांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. गेलें असेल तेंही इंग्रजी भाषांतरापर्यंत. महाकाव्य भाषांतरांत बरेंचसें टिकतें, कारण त्यांत कथा असते. गीतांतून नाद आणि शब्दांची नेमकी जागा काढून घेतली तर हातीं फारसें कांहीं उरत नाहीं.

मग मराठी वाचकानें या गीतांकडे मध्यस्थाशिवाय, मूळ भाषेंतून जावें काय? वरवर पाहतां हा खटाटोप वेडेपणाचा दिसेल. तथापि संस्कृत वृत्तांनीं ज्याचा कान घडविला आहे त्याच्यापाशीं या घराची एक किल्ली आधींच असते, आणि ती इंग्रज विद्यार्थ्यापाशीं नसते. ती कोणती हें पुढें येईलच. त्याअगोदर हें घर आज किती उभें आहे तें पाहिलें पाहिजे. नाहीं तर अभ्यासाला हात घालणारा पहिल्याच पानावर गोंधळून जातो.

'लायरा' म्हणजे हातांत धरून छेडण्याचें एक तंतुवाद्य. त्याच्या साथीनें गावयाचें तें 'लिरिक', म्हणजे वीणाकाव्य. अलेक्झांड्रिया येथील प्रसिद्ध ग्रंथालयांत इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकांत जे पंडित काम करीत होते त्यांनीं जुन्या गीतकवींपैकीं नऊ जण प्रमाणभूत मानले : आल्कमन, सॅफो, आल्कीअस, स्टेसिकोरस, इबिकस, ॲनॅक्रिऑन, सिमोनिडीझ, पिंडार आणि बॅक्किलिडीझ. नऊ जणांत स्त्री एकच, ती सॅफो. या साऱ्यांचीं कवनें गोळा करून, पाठ शुद्ध करून, वृत्तांप्रमाणें किंवा विषयांप्रमाणें त्यांचे भाग पाडून त्या पंडितांनीं तीं गुंडाळ्यांवर लिहविलीं. एकट्या पिंडारच्या ग्रंथाचे १७ भाग होते. त्यांपैकीं चारच भाग मध्ययुगांतील हस्तलिखितांच्या वाटेनें आपल्यापर्यंत पोहोंचले. ऑलिंपिया, डेल्फी, नेमिया व इस्थ्मस येथील क्रीडांमध्यें जिंकलेल्या वीरांवर रचलेलीं हीं ४५ जयगीतें होत. बाकीच्या आठ कवींचा एकही भाग असा अखंड आला नाहीं.

असें कां झालें? ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनीं सॅफोचीं पुस्तकें जाळलीं अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळते. ती रोमहर्षक आहे, पण तिला भक्कम आधार नाहीं. खरें कारण बरेंच साधें, आणि शिक्षकी पेशांतील माणसाला अस्वस्थ करणारें आहे. सॅफो आणि आल्कीअस हीं दोघें लेस्बॉस बेटांतलीं. त्यांची बोली आयोलिक. शाळांतून शिकविली जाई ती अथेन्सची ॲटिक भाषा. शाळेंतलें मराठी शिकलेल्या मुलापुढें एकदम ज्ञानेश्वरीची ओवी ठेवावी, तसें त्या काळच्या विद्यार्थ्याला सॅफोचें पद वाटत असलें पाहिजे. पिंडारचीं जयगीतें सोपीं होतीं असें मुळींच नाहीं. पण त्यांच्यावर टीका लिहिल्या गेल्या, तीं अभ्यासाला लागलीं, म्हणून त्यांच्या नकला होत राहिल्या. पुढें गुंडाळ्या जाऊन पानें शिवलेलीं पुस्तकें आलीं. त्या स्थित्यंतरांत जें कोणी उतरून घेतलें तें राहिलें, बाकीचें गुंडाळ्यांबरोबर कुजलें. सॅफोला उतरून घेणारे अगदींच नव्हते असें नाहीं. तिचीं कवनें असलेलीं सहाव्या-सातव्या शतकांतलीं चर्मपत्राचीं पानें बर्लिन येथें आहेत. पण त्यानंतर सांखळी तुटली. आपल्याकडे तुकोबांचे अभंग पोथींत होते तसेच वारकऱ्यांच्या कंठांतही होते. ग्रीक गीतांना अशी गाणारी दिंडी शेवटपर्यंत लाभली नाहीं. चाली तर पोथ्यांच्याही आधीं विसरल्या गेल्या. सॅफोच्या एकाही पदाची चाल आज कोणास ठाऊक नाहीं.

तेव्हां १९ व्या शतकाच्या अखेरपर्यंत सॅफोची ओळख होती ती इतर ग्रंथकारांनीं दिलेल्या अवतरणांपुरती. एखाद्या वैयाकरणाला विचित्र रूपाचें उदाहरण हवें होतें म्हणून एक ओळ राहिली. मेजवान्यांवर लिहिणाऱ्याला फुलांच्या माळांचा उल्लेख हवा होता म्हणून दुसरी. हॅलिकर्नॅससच्या डायोनिसिअस नांवाच्या अलंकारिकानें शब्दरचनेवरील आपल्या ग्रंथांत गुळगुळीत, घांसूनपुसून केलेल्या शैलीचा मासला म्हणून तिचें ॲफ्रोडायटी देवीला केलेलें आवाहन सबंध उतरून दिलें. सात कडव्यांचें तें गीत सॅफोचें निर्विवादपणें पूर्ण असें एकमेव गीत होय. रुक्ष ग्रंथ लिहिणाऱ्यांचे जगावर किती उपकार असतात याचा हा पुरावा मानावयास हरकत नाहीं.

नंतर इजिप्तच्या वाळूनें आपला ठेवा उघडला. १८९६ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें बॅक्किलिडीझच्या गीतांची एक मोठी पपायरसची गुंडाळी आली, आणि पुढच्याच वर्षीं केन्यन यांनीं ती छापून काढली. नुसतें नांव आणि थोडे तुकडे उरलेला कवि एकाएकीं हातांत पुस्तक घेऊन परत यावा, तसा तो प्रकार झाला. त्याच १८९६-९७ च्या हिंवाळ्यांत ग्रेनफेल आणि हंट हे ऑक्सफर्डचे दोन तरुण विद्वान कैरोच्या दक्षिणेस सुमारें १६० किलोमीटरांवरील ऑक्सिऱ्हिंकस या उजाड गांवीं खणूं लागले. त्यांनीं देवळांवर किंवा थडग्यांवर फारसा भर दिला नाहीं. गांवाचे उकिरडे उकरले. जेथें पाऊस पडत नाहीं तेथें टाकलेला कागदही शतकानुशतकें टिकतो. करांच्या पावत्या, कर्जखतें, मुलांचे कित्ते, घरगुती पत्रें यांच्या ढिगाऱ्यांतून फाटकीं गीतेंही निघूं लागलीं. १८९८ सालीं निघालेल्या पहिल्याच खंडांत सॅफोचें एक पद आहे. परदेशीं गेलेला भाऊ सुखरूप घरीं यावा म्हणून त्यांत तिनें देवतांना विनविलें आहे. या मालेचे खंड आजवर ऐंशींहून अधिक झाले असून तिचें काम अद्याप संपलेलें नाहीं.

याच ढिगाऱ्यांतील एका पपायरसवर सॅफोच्या पहिल्या भागाचा शेवट सांपडला. तेथें लेखनिकानें ओळींचा हिशेब लिहून ठेवला आहे : १३२०. चार ओळींचें एक कडवें, म्हणजे ३३० कडवीं, आणि हा एकच भाग. असे भाग आठ किंवा नऊ होते. लेखनिकानें आंकडा कशासाठीं लिहिला असावा? नकलेची मजुरी ओळींवर ठरत असे. आज तो हिशेब वाचतांना आंकडा तेवढा सबंध आहे आणि ज्या ओळींचा तो आंकडा, त्यांतील बहुतेक गेल्या आहेत, ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाहीं.

यावरून अभ्यासाचा पहिला धडा निघतो, आणि तो व्याकरणाचा नाहीं. सॅफो किंवा आल्कीअस यांचें शास्त्रशुद्ध छापलेलें पुस्तक उघडलें कीं पान चौकोनी कंसांनीं भरलेलें दिसतें. कंसांत टाकलेली जागा म्हणजे पपायरस फाटून गेलेला भाग. अक्षराखालीं टिंब म्हणजे अक्षर दिसतें पण खात्री नाहीं. १९३१ सालीं लायडन येथें विद्वानांनीं हे संकेत ठरविले. नवशिक्याला हे कंस म्हणजे अडगळ वाटते. वस्तुतः तेच पानावरचे सर्वांत प्रामाणिक शब्द आहेत. जी जागा मोकळी आहे ती मोकळी आहे असें स्पष्ट सांगणें, ही या विद्येची अब्रू आहे.

ती अब्रू नेहमींच राखली गेली असें मात्र नाहीं. मोकळी जागा पाहिली कीं विद्वान माणसाचा हात शिवशिवतो. लोएब ग्रंथमालेंत १९२२ ते १९२७ या काळांत एडमंड्स यांनीं 'लायरा ग्रीका' या नांवानें या कवींचे तीन खंड काढले. एका बाजूस ग्रीक, समोर इंग्रजी. बहुतेक वाचकांना हे कवि प्रथम भेटले ते तेथें. पण फाटलेल्या जागीं त्यांनीं स्वतः रचलेलें ग्रीक इतक्या सढळ हातानें बसविलें आहे कीं, वाचक सॅफो वाचतो आहे कीं केंब्रिजच्या एका हुशार पंडिताची रचना वाचतो आहे, हें समजेनासें होतें. त्यांचें ग्रीक चांगलें होतें, हीच खरी अडचण. वाईट असतें तर कोणी फसलें नसतें. पुढें १९५५ सालीं लोबेल व पेज यांची आणि १९७१ सालीं ईव्हा-मारिया फोइग्ट यांची काटेकोर आवृत्ति निघाली, आणि लोएब मालेंतही कॅम्बेल यांचे पांच नवे खंड १९८२ ते १९९३ या काळांत आले. आज अभ्यास आरंभणारानें हे नवे खंड घ्यावेत. एडमंड्स जुन्या पुस्तकांच्या दुकानांत स्वस्त मिळाला तरी त्याच्यापासून दूर राहावें.

सॅफोच्या चरित्राच्या बाबतींतही मोकळ्या जागा अशाच भरल्या गेल्या. फाऑन नांवाच्या नावाड्याच्या प्रेमापायीं तिनें ल्यूकसच्या कड्यावरून समुद्रांत उडी घेतली, ही कथा युरोपांतल्या चित्रकारांनीं आणि नाटककारांनीं अगदीं पाठ केली. तिचा उगम तिच्या मृत्यूनंतर दोन-अडीचशें वर्षांनीं लिहिल्या गेलेल्या हास्यनाटकांच्या परिसरांत सांपडतो. हिरॉडोटस मात्र तिच्या भावाची हकीकत देतो. त्यानें इजिप्तमध्यें एका गणिकेला पैसे भरून सोडविलें आणि बहिणीनें आपल्या कवनांत त्याची चांगलीच कानउघाडणी केली. हें खरें असण्याचा पुष्कळ संभव आहे, पण चित्रकारांना त्यांत रस वाटला नाहीं.

आतां त्या किल्लीकडे वळावयास हरकत नाहीं. इंग्रजी कविता आघातावर चालते. शब्दाच्या कोणत्या अवयवावर जोर पडतो यावर तिची गति ठरते. ग्रीक आणि लॅटिन कविता अक्षर उच्चारण्यास किती वेळ लागतो यावर चालते, म्हणजेच लघु आणि गुरु यांवर. जोडाक्षरापूर्वींचें अक्षर गुरु, दीर्घ स्वर गुरु, हा आपला नियम; तेथेंही स्वर दीर्घ असेल किंवा त्याच्यापुढें दोन व्यंजनें येत असतील तर अक्षर गुरु. इंग्रज मुलाला हा नियम डोळ्यांनीं शिकावा लागतो आणि कागदावर रेघा मारून सोडवावा लागतो; कित्येक उत्तम विद्वानांच्याही कानाला तो जन्मभर कृत्रिमच राहतो. स्विनबर्न या कवीनें १८६६ सालीं सॅफोच्या वृत्तांत इंग्रजी पद रचलें. तें गोड आहे, परंतु गुरूच्या जागीं आघात बसविल्यावांचून त्याला गत्यंतर नव्हतें. मनाचे श्लोक भुजंगप्रयातांत आणि केकावलि पृथ्वी वृत्तांत लहानपणींच ज्यानें घोकली आहे, त्याला मात्र या बाबतींत नवें असें कांहींच शिकावें लागत नाहीं.

सॅफोच्या सर्वांत प्रसिद्ध वृत्ताचीच गोष्ट घ्या. त्याच्या कडव्यांत अकरा अकरा अक्षरांच्या तीन ओळी आणि शेवटीं पांच अक्षरांची एक आंखूड ओळ असते. अकरा अक्षरांची ओळ अशी : गा-ल-गा, गा-गा-ल, ल-गा-ल, गा-गा. यमाताराजभानसलगं हें सूत्र ज्यांच्या स्मरणांत आहे त्यांनीं गण पाडून पाहावेत. र, त, ज आणि दोन गुरु. आणि आपली इंद्रवज्रा? त, त, ज आणि दोन गुरु. म्हणजे अकरा अक्षरांपैकीं दुसरें व तिसरें यांची अदलाबदल केली कीं इंद्रवज्रेची सॅफोची ओळ होते. बाकीचीं नऊ अक्षरें जागच्या जागीं राहतात! सॅफो चौथें अक्षर कधीं लघुही ठेवते आणि शेवटचें कसेंही चालतें, एवढीच सवलत. आंखूड ओळ गा-ल-ल-गा-गा. इंद्रवज्रेचा एखादा पाठ असलेला श्लोक घेऊन बोटांनीं ठेका धरावा, मग दुसरें आणि तिसरें अक्षर उलटें करून पुन्हां धरावा. ग्रीकचें एकही अक्षर न येतां सॅफोची चाल हातांत येते. आल्कीअसच्या नांवानें चालणाऱ्या वृत्ताचीं पहिलीं पांच अक्षरें तर बहुधा इंद्रवज्रेचींच असतात, पुढें तें निराळ्या वळणानें जातें.

हें साम्य केवळ योगायोगाचें आहे काय, हा प्रश्न विद्वानांनींही विचारला. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेइए यांनीं १९२३ सालीं एक छोटा ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, लेस्बॉसच्या कवींचीं वृत्तें आणि वेदांतील छंद हीं एकाच प्राचीन मुळापासून निघालीं. वेदांतील त्रिष्टुभ् छंदाची ओळ अकरा अक्षरांची, आणि तिचीं शेवटचीं चार अक्षरें गुरु, लघु, गुरु व एक मोकळें अशीं पडतात. सॅफोच्या ओळीचा शेवट नेमका तसाच आहे. मेइएंचें सर्वच म्हणणें सर्वांना मान्य झालें असें नाहीं. तरीही ग्रीक छंदःशास्त्राच्या गंभीर ग्रंथांत वेदांचें नांव त्यानंतर आल्याशिवाय राहत नाहीं. इंद्रवज्रा ही त्रिष्टुभाचीच लेक, तेव्हां सॅफोची ओळ तिची दूरची मावसबहीण ठरावयास हरकत नाहीं.

व्याकरणाच्या बाजूनेंही संस्कृताचा आधार मोठा आहे. ग्रीकमध्यें द्विवचन आहे, आत्मनेपदाला जुळणारें रूप आहे, भूतकाळीं धातूच्या आधीं लागणारा 'अ' हा आगम तेथें 'ए' होऊन लागतो. 'अभरम्' तसें 'एफेरॉन'. लघुकौमुदी पाहिलेल्या माणसाला ग्रीक क्रियापदांचीं कोष्टकें भिववीत नाहींत. मात्र सॅफोच्या आयोलिक बोलींत शब्दारंभींचा 'ह' गळतो आणि स्वराघात शक्य तितका मागें सरतो, हें आरंभींच ध्यानांत ठेवावें, म्हणजे शब्दकोशांत शब्द सांपडत नाहीं म्हणून निराश होण्याची पाळी येत नाहीं.

तरी आरंभ लॅटिनपासून करणें सोयीचें. लिपि इंग्रजीचीच, शब्द पुष्कळसे इंग्रजीच्या ओळखीचे. आपल्या प्रांतांना ही भाषा अगदीं परकीही नाहीं. गोव्यांत राशोलच्या सेमिनरींत ती शिकविली जाई, आणि मुंबई विश्वविद्यालयाच्या परीक्षांना एके काळीं संस्कृत व फारसी यांच्याप्रमाणेंच लॅटिनही दुसरी भाषा म्हणून घेतां येत असे. लॅटिन गीतकवि मोजके. त्यांत होरेस आधीं वाचावा असें कोणी सांगतात, कॅटलस आधीं वाचावा असें कोणी. वृत्त बसविण्यासाठीं होरेस बरा, कारण त्याचे नियम कडक आहेत : सॅफोच्या वृत्तांत तो चौथें अक्षर नेहमीं गुरूच ठेवतो आणि बहुधा पांचव्या अक्षरानंतर थांबतो. गीतांचे तीन भाग त्यानें इ. स. पूर्व २३ मध्यें प्रसिद्ध केले, चौथा सुमारें दहा वर्षांनीं. मिळून १०३ गीतें. इ. स. पूर्व १७ मध्यें ऑगस्टसनें रोममध्यें मोठा शतकोत्सव केला तेव्हां होरेसनें याच सॅफोच्या वृत्तांत एक स्तोत्र रचलें आणि तें २७ मुलें व २७ मुली यांनीं गाइलें. १८९० सालीं रोममध्यें त्या उत्सवाचा शिलालेख सांपडला, त्यांत स्तोत्रकर्ता म्हणून होरेसचें नांव कोरलेलें आहे. कवितेखालीं सरकारी दगडावर सही उमटलेली असा भाग्यवान् कवि विरळा. ग्रीक वृत्तें इटलींत प्रथम आणल्याचा मान मात्र तो एकट्याकडे घेतो, आणि आपल्याआधीं एका पिढीपूर्वीं कॅटलसनें सॅफोचें वृत्त लॅटिनमध्यें चालवून दाखविलें होतें हें सोईस्करपणें विसरतो.

हा कॅटलस व्हेरोनाचा, तरुणपणींच वारलेला. त्याचीं कवनें आपल्यापर्यंत आलीं तीं जवळजवळ एका धाग्यावर लोंबकळत. सुमारें १३०० सालीं व्हेरोनामध्यें त्याच्या कवितांची एक पोथी उजेडांत आली. पुढें ती हरवली, परंतु तोंवर तिच्या नकला झाल्या होत्या. आजचा सबंध कॅटलस त्या नकलांवर उभा आहे. एक लग्नगीत तेवढें दुसऱ्या एका जुन्या संग्रहांत स्वतंत्रपणें आढळतें.

सॅफोचें एक आणि कॅटलसचें एक अशीं दोन गीतें शेजारीं शेजारीं ठेवून वाचणें, यासारखा दुसरा अभ्यास नाहीं. पुस्तकांतून सॅफोचें गीत ३१ व्या क्रमांकावर व कॅटलसचें ५१ व्या क्रमांकावर असतें. सॅफोच्या गीतांत कोणी एक पुरुष एका स्त्रीसमोर बसला आहे, तिचें बोलणें-हंसणें जवळून ऐकतो आहे. आणि तें दुरून पाहणारी, गीत गाणारी स्त्री आपली अवस्था सांगते. जीभ, त्वचा, डोळे, कान, एकेक इंद्रिय तिचा हात सोडून जातें. भावनेला ती नांव देत नाहीं, लक्षणें मोजते. एखाद्या वैद्यानें नोंद करावी इतक्या तटस्थपणें. प्लूटार्कनें तर अशी हकीकत दिली आहे कीं, अँटायोकस हा राजपुत्र झिजूं लागला तेव्हां एरासिस्ट्रॅटस या वैद्यानें त्याची सावत्र आई खोलींत येतांच हींच लक्षणें त्याच्या ठिकाणीं दिसतात हें ओळखून रोगाचें निदान केलें. गीत टिकलें तें 'उदात्त शैली' या विषयावरील एका ग्रंथामुळें. ग्रंथकार कोण याविषयीं वाद आहे, लाँजायनस हें नांव सोयीसाठीं घेतात. सगळीं इंद्रियें जणूं परक्याचीं असल्याप्रमाणें वेगळीं करून पुन्हां एकत्र कशीं बांधलीं, याचें उदाहरण म्हणून त्यानें चार कडवीं उतरलीं, पांचव्याचा आरंभही उतरला, आणि तेथें लेखणी थांबविली. गीत पुढें कोठें गेलें तें त्यानें सांगितलें नाहीं. त्याला त्याची जरूर नव्हती!

कॅटलसनें तेंच वृत्त घेऊन पहिलीं तीन कडवीं लॅटिनमध्यें आणलीं. आणतांना दोन फरक केले. गाणारी स्त्री गेली, तेथें पुरुष आला. आणि अनामिक स्त्रीला त्यानें लेस्बिया हें नांव दिलें. लेस्बॉसची, म्हणजे सॅफोच्या गांवची. भाषांतर करतां करतां त्यानें मूळ कवयित्रीचें गांव आपल्या प्रेयसीच्या कपाळीं लाविलें. सॅफोचें चौथें कडवें, ज्यांत शरीराची अवस्था परमावधीला जाते, तें त्यानें सोडलेंच. त्या ठिकाणीं तो स्वतःला नांवानें हांक मारतो आणि रिकामपणानें तुझा घात केला म्हणून बजावतो. हें कडवें याच गीताचें कीं दुसऱ्या एखाद्याचा तुकडा येथें चिकटला, यावर विद्वान अद्याप भांडतात. सॅफोचा शेवट सांपडला असता तर भांडण कदाचित् मिटलें असतें. तूर्त वाचकानें दोन्ही बाजू ऐकून आपल्या कानाला विचारावें. त्या कडव्यांत आवाज एकदम बदलतो, पण स्वतःवर चिडलेल्या माणसाचा आवाज बदलतोच. तें कडवें गीताचेंच असावें, असें मानणें अधिक सरस.

इंग्रजी भाषांतरांतून हें सारें दिसत नाहीं. तेथें दोन्ही गीतें एकाच प्रकारच्या गुळगुळीत इंग्रजींत येतात. वृत्त एक आहे हें कळत नाहीं, म्हणून कॅटलसनें काय घेतलें आणि काय टाकलें हेंही कळत नाहीं. कॅनडांतील कवयित्री ॲन कार्सन यांनीं २००२ सालीं केलेलें सॅफोचें भाषांतर त्यांतल्या त्यांत वेगळें आहे. त्यांनीं मूळ पानावरचे कंस भाषांतरांतही ठेवले, आणि पानेंच्या पानें जवळजवळ कोरीं जाऊं दिलीं.

नवें कांहीं सांपडतें तेव्हां काय होतें, याचीं दोन उदाहरणें आपल्याच काळांतलीं आहेत. २०१४ सालीं सॅफोच्या भावांविषयींचें एक पद प्रसिद्ध झालें. पद अस्सल मानलें गेलें. परंतु तो पपायरस कोठून आला याची जी हकीकत दिली होती तिच्यावर विश्वास राहिला नाहीं, आणि २०२१ सालीं प्रकाशकांनीं त्या हकीकतीचा लेख मागें घेतला. पाठाच्या खरेपणाइतकीच त्याच्या जन्मपत्रिकेची चौकशी करणें आतां अभ्यासकाला भाग आहे.

दुसरें उदाहरण अधिक सुखाचें. १९२२ सालीं ऑक्सिऱ्हिंकसच्या एका पपायरसवर कांहीं ओळींचे केवळ उजवीकडचे शेवट छापले गेले होते. विषय म्हातारपणाचा आहे एवढें कळत होतें. ऐंशीं वर्षें विद्वानांनीं डावी बाजू तर्कानें भरून पाहिली. २००४ सालीं जर्मनींत कोलोन येथें ममीच्या आवरणासाठीं रद्दी म्हणून वापरलेल्या पपायरसांत त्याच ओळींचा बराचसा उरलेला भाग निघाला, तोही इ. स. पूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभाचा, म्हणजे सॅफोच्या आजवर सांपडलेल्या सर्वांत जुन्या प्रतींपैकीं. दोन्ही तुकडे जुळविले आणि बारा ओळींचें एक गीत जवळजवळ पूर्ण झालें. जुन्या तर्कांपैकीं कित्येक तेव्हां गळून पडले. गीत गाणारी तरुण मुलींना सांगते कीं, आपले केस पांढरे झाले, गुडघे एके काळीं नाचत ते आतां देह पेलीत नाहींत. आणि मग ती टिथोनसची गोष्ट काढते. पहाटेच्या देवतेनें त्याच्यावर लुब्ध होऊन त्याच्यासाठीं अमरत्व मागून घेतलें, तारुण्य मागावयाचें राहिलें; तो देवतेच्या घरींही म्हातारा होत गेला.

आतां अडचण अशी कीं, कोलोनच्या प्रतींत या बारा ओळींनंतर दुसरेंच पद सुरू होतें. ऑक्सिऱ्हिंकसच्या प्रतींत मात्र त्यांच्यापुढें आणखी चार ओळी आहेत, आणि त्यांत सूर्यावरील व जगण्यांतील सौंदर्यावरील प्रेमाची कबुली आहे. बारा ओळींवर थांबलें तर गीत टिथोनसच्या म्हातारपणावर संपतें. सोळा धरल्या तर गाणारी स्त्री त्या म्हातारपणाला उत्तर देऊन जाते. दोन्ही प्रती प्राचीन आहेत, दोन्ही लेखनिकांना ग्रीक येत होतें. कोणी म्हणतात, त्या चार ओळी पुढच्या गीताचा आरंभ आहेत. कोणी म्हणतात, हें गीत दोन्ही तऱ्हांनीं गाइलें जात असे. आजच्या आवृत्त्यांत संपादक बाराव्या ओळीनंतर थोडी जागा मोकळी सोडतात, आणि पुढच्या चार ओळी त्या जागेच्या खालीं छापतात.